आफ्रिकेची मरळ

मी चाकूंचे कपडे शिवते. लग्नाकार्यात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी हेच उत्तर देते आणि मजा बघत बसते. बहुतेक बायका खुर्ची जराशी सरकवतात. एकीनं मात्र विचारलं होतं, "अस्तर पण लावता का?" तिच्याशी माझी अजून मैत्री आहे.

इतवारीत भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात आमचं दुकान आहे. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं आणि चौथ्यानं बाहेरून फोन करायचा, एवढं मोठं. अर्ध्या जागेत आमचे हे चपला करतात, उरलेल्या अर्ध्यात मी म्यानं शिवते. तेहतीस वर्षं झाली. गिऱ्हाईक येतं, यांच्याकडे बघून "म्यानवाले तुम्हीच काय?" म्हणतं. हे तोंडात खिळे धरून बसलेले असतात, त्यामुळे नुसती हनुवटी माझ्याकडे वळवतात. मग गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, माझ्या चष्म्याकडे बघतं आणि चाकू द्यावा की देऊ नये असा विचार करतं.

म्यान म्हणजे चाकूची पिशवी, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा चाकू पिशवीत घालून बाजारात जाऊन यावं. चाकूला बाहेर यायची घाई असते. म्हणून दोन चामड्यांच्या मध्ये कडेकडेनं एक जाड पट्टी घालावी लागते. धार त्या पट्टीवर टेकते, दोऱ्यापर्यंत पोचत नाही. ही पट्टी कुणाला दिसत नाही, कुणी तिचं कौतुक करत नाही. पण ती विसरलात तर चाकू आठ दिवसांत आपलंच घर कापून बाहेर येतो. मग टाका. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीनं भोक पाडायचं, डाव्या हाताची सुई उजवीकडे, उजव्या हाताची डावीकडे, दोन्ही त्याच एका भोकातून, आणि हात पसरून ओढायचं. मशीनचा टाका एक तुटला की मागचे सगळे पळ काढतात. हा टाका तुटला तरी शेजारचे जागा सोडत नाहीत. लग्नानंतर तिसऱ्याच महिन्यात सासूबाईंनी तो मला शिकवला. म्हणायच्या, "सुया दोन हाय, पन दोरा एकच हाय, ध्यानात ठेव वं." मला वाटलं, शिवणाबद्दलच बोलून राहिल्या.

माझी खरी मिजास मात्र खिडकीवर आहे. वरच्या चामड्याला रापीनं पानाच्या, शंकरपाळ्याच्या नाहीतर चंद्रकोरीच्या आकाराची खिडकी कापायची, आणि आतून वेगळ्याच जनावराचं नक्षीदार कातडं लावून काठानं बारीक टाके घालायचे. खिडकीतून खवले डोकावतात. बघणाऱ्याचं बोट आपोआप तिथं जातं. गेल्या तेहतीस वर्षांत ज्याचं बोट तिथं गेलं नाही असा एकच माणूस मला भेटला, आणि तो प्लास्टरमध्ये होता.

आता हे वेगळं कातडं आणायचं कुठून? एकदा बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर आले. त्यांच्या मुलानं आफ्रिकेतून शहामृगाच्या कातड्याचा तुकडा रीतसर कागदपत्रांसकट आणला होता. तो त्यांना आपल्या अडकित्त्याच्या म्यानाला लावायचा होता. हो, अडकित्त्याचं म्यान. शहामृगाच्या कातड्यावर पिसांच्या जागी फोड असतात, तीच त्याची शान. मी जीव ओतून काम केलं. न्यायला ते बायकोला घेऊन आले. बाईंनी म्यान हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "अहो, याले तं गोवर आली हाय!" कॅशियरसाहेब तो अडकित्ता आता बायको झोपल्यावरच बाहेर काढतात, असं ऐकते.

दुसरे एक गृहस्थ आजोबांच्या पेटीतलं अजगराचं कातडं गुंडाळून घेऊन आले. मी हात लावला नाही. म्हटलं, "आल्या पावली वनखात्यात नेऊन द्या." ते म्हणाले, "एवढासा तं तुकडा पाहिजे ताई." मी म्हटलं, "तुम्हाले तुकडा दिसते. कायद्याले अख्खा अजगर दिसते."

हे सांगताना माझा आवाज मोठा असतो, पण मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. अगदी सुरुवातीला सासूबाईंच्या ट्रंकेत घोरपडीच्या कातड्याचे दोन तुकडे होते. मी ते लावले. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे एकदा माहेरी शेताच्या बांधावर जिवंत घोरपड पाहिली. ऊन खात पडली होती, जीभ आतबाहेर करत होती. तिच्या पाठीवर मला खिडकी कुठं बसेल ते आधी दिसलं, आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की मी बांधावरून मागे फिरले. ती दोन म्यानं कुठं असतील कोण जाणे. परत मिळाली तर मी उसवून टाकीन.

त्यानंतर मला सापडली मरळ. आमच्या ह्यांचा जीव मरळीत आहे. रविवारी भंडाऱ्याकडची मरळ आली की हे चपलेच्या गिऱ्हाइकालासुद्धा ओळखत नाहीत. असंच एकदा हे मासा सोलत होते. खवले निघाल्यावर खाली कातडीवर अशी काही जाळीदार नक्षी उमटली होती की मी परातीतून ती उचललीच. खरवडली, सोड्याच्या पाण्यात तीनदा धुतली, हिरड्याच्या पाण्यात पंधरा दिवस ठेवली, तेल चोळून पाटावर ताणून वाळवली. हुबेहूब घोरपड! कायद्याची भीती नाही आणि एकही जीव जास्तीचा जात नाही, कारण मासा कसाही पोटात जाणारच होता. तेव्हापासून आमच्या घरात कातडं माझं, मासा ह्यांचा, आणि भांडणाला काटे तेवढे उरले.

आता मूळ गोष्ट. यातच माझी अब्रू जाता जाता राहिली, की राहता राहता गेली, हे तुम्हीच ठरवा.

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एक म्हातारी दुकानात शिरली. ठेंगणी, ताठ, गळ्यात तुळशीची माळ, हातात पंचात गुंडाळलेलं काहीतरी.

"म्यानवाली तूच काय वं?"

"हो, मीच."

"मी भिवापूरची. मले सारे गोदाआत्या म्हनतात. तू बी म्हन."

पंचातून कट्यार निघाली. वीतभर पातं, दोन्हीकडून धार, मुठीवर पितळेची वेल. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार देतात, तिच्या टोकाला लिंबू खोचतात, आणि लग्न लागेस्तोवर तो ती खाली ठेवत नाही. बाजारात आता पत्र्याच्या, चमकीच्या मिळतात. ही तशी नव्हती. आत्यांच्या घराण्यातले चार पिढ्यांचे नवरदेव हिच्याच साक्षीनं बोहल्यावर चढले होते. त्यांच्याकडे आणखी एक रीत होती. घोड्यावर उघडं पातं नको म्हणून वरातीत कट्यार म्यानात घालून नवरदेवाच्या कमरेला बांधायची, आणि मांडवाच्या दारात घरच्या आत्यानं ती उपसून, लिंबू खोचून त्याच्या हाती द्यायची. म्यान लग्न होईपर्यंत कमरेलाच. ते म्यान मात्र कसरीनं पार खाल्लं होतं. उरला होता तो खिडकीतला घोरपडीचा तुकडा, तोही अर्धा.

"माह्या भाच्याचं लग्न हाय, पंकजचं. उमरेडच्या मास्तरची पोरगी केली. नवं म्यान पाहिजे, अन् घोरपडच पाहिजे," आत्या म्हणाल्या. "घोरपड एकदा चिपकली तं सुटत नाही. म्हनून आमच्या घरचं एकबी लग्न आजवर सुटलं नाही."

"आत्या, आता घोरपड लावली तं पंकज मांडवात नाही, फॉरेस्टवाल्याच्या जीपमधी बसन."

आत्या विचारात पडल्या. "मंग तिच्यासारखंच दिसणारं लाव. हाय काय तुह्याजवळ?"

"हाय."

"कशाचं हाय?"

इथं मी शेण खाल्लं. समोर तुळशीची माळ होती. मासा म्हटलं असतं तर आत्या उठून चालत्या झाल्या असत्या, आणि ती वेलीची मूठ माझ्या हातून गेली असती. मला ते काम हवं होतं, लहान पोराला भोवरा हवा असतो तसं हवं होतं. कॅशियरचा शहामृग डोक्यात होताच. मी म्हणाले, "आफ्रिकेचं हाय, आत्या."

ह्यांना एकदम ठसका लागला. तोंडातले दोन खिळे गल्लीत उडाले.

"आफ्रिका!" आत्या म्हणाल्या. "म्हंजे लय महागाचं काम."

त्या इतक्या खूष झाल्या की जाताना मलाही लग्नाचं आवतण देऊन गेल्या.

माझ्याकडे एक उत्तम मुरलेलं मरळीचं कातडं होतं. मी पानाच्या आकाराची खिडकी कापली, इंचाला दहा टाके घातले. शेवटचं काम असतं घडणीचं. चामडं ओलं करायचं, त्यात पातं घालायचं आणि बोटांनी दाबून दाबून त्याचा आकार चामड्याला शिकवायचा. वाळलं की म्यान त्या एकाच पात्याला ओळखतं. फक्त पात्याला आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी लागते, कारण हिरड्यानं कमावलेलं ओलं चामडं आणि लोखंड एकमेकांना भेटले की त्यांची शाई होते. शाळेतली, दौतीतली, अस्सल शाई. हे मी इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवत आले आहे.

नेमका त्या दुपारी सीताबर्डीचा एक मोबाइलवाला, माझं जुनं गिऱ्हाईक, माझं रील काढायला आला. "ताई, हात दाखवा. ताई, आता हसा. ताई, आता घडण करताना म्हणा, बरसों का अनुभव है." मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. केस नीट करून तिसऱ्यांदा म्हटलं. अनुभवाबद्दल तीनदा बोलताना मी पिशवी गुंडाळायची विसरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्यान वांग्यासारखं काळंजांभळं झालं होतं. खिडकीसकट. त्या रीलला मात्र भरपूर लोकांनी अंगठे दिले.

लग्नाला अकरा दिवस होते. ह्यांना बाजारात पिटाळलं, नवी मरळ आली. ह्यांनी तीही आनंदानं खाल्ली, या घरात माझ्या संकटाचं चीज होतं ते असं. पण हिरड्यात पंधरा दिवस ठेवायला वेळ कुठला? सहा दिवस ठेवली. सोड्यानं तीनदा धुवायची ती एकदाच धुतली. मरळीच्या कातडीत चरबी असते, ती सोड्यानंच निघते, हे मला माहीत होतं. हुंगून पाहिलं. कूलरच्या गारव्यात काही कळलं नाही. वरून कापूर चोळला आणि म्यान पोचतं केलं. दिसायला पहिल्यापेक्षाही देखणं झालं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

लग्न दुपारी बारा वाजताचं, उमरेडच्या एका लॉनवर. ऊन असं की हातपंपाचा दांडा धरवेना. मी ठेवणीतलं पातळ नेसून, ह्यांना इस्त्रीचा सदरा घालून, वरातीच्या अगदी पुढं. घोड्यावर पंकज. कमरेला शेला, शेल्यात माझं म्यान, खिडकीतून खवल्यांची जाळी चमकतेय. बँड जोरात. बायका एकमेकींना दाखवत होत्या, "आफ्रिकेचं हाय म्हने!" मी ऐकलं न ऐकल्यासारखं करत होते आणि प्रत्येक शब्द ऐकत होते.

पहिलं मांजर पानठेल्यापाशी वरातीत सामील झालं. पिवळं होतं. मला वाटलं, चाललं असेल आपल्या कामाला. पण ते घोड्याच्या बरोबरीनं, मान वर करून चालू लागलं. वळणावर दोन आली. पेट्रोलपंपापाशी एक लठ्ठ बोका आला, त्यानं आधीच्या तिघांकडे पाहिलं आणि सर्वांत पुढं जागा घेतली. इतर नवरदेवांच्या मागं करवल्या असतात. पंकजच्या मागं मांजरं होती. बँडवाला हसायला लागला तशी त्याची पिपाणी भलत्याच सुरात गेली. पोरं नाच सोडून मांजरं मोजू लागली.

"काय वं," हे माझ्या कानात म्हणाले, "सोड्यानं कितींदा धुतलं होतं?"

मी बोटानं एक दाखवला. ह्यांनी रुमाल तोंडाला लावला. यांचे खांदे हलत होते, आणि खरं सांगते, माझेही हलायला लागले. मनात भीती आणि ओठावर हसू, अशी माझी अवस्था त्याआधी फक्त स्वतःच्या लग्नात झाली होती.

लॉनच्या दारात वरात थांबली. हसू तिथं संपलं. उन्हानं आणि पंकजच्या घामानं म्यान चांगलंच तापलं होतं. गोदाआत्या कट्यार उपसायला पुढं झाल्या, आणि थबकल्या. त्यांनी नाक वर केलं. डावीकडे हुंगलं. उजवीकडे हुंगलं. उजवीकडे लॉनचं स्वयंपाकघर होतं.

"मास्तर!" आत्यांचा आवाज बँडच्या वर गेला. "मासे शिजवले तुमी?"

नवरीचे वडील, मास्तर, हार घेऊन उभे होते. त्यांना काही उमगेना.

"आमी माळकरी हाओत, हे सांगूनच सोयरीक केली होती. अन् तुमी पंगतीत मासे करून राहिले? मांजरं बी जमा झाले गावातले!"

"नाही हो आत्याबाई! वरण हाय, भात हाय, वांग्याची भाजी हाय, बुंदी हाय. कढया पाहून घ्या."

आचारी झारा घेऊन धावत आला, झाऱ्याची शपथ घ्यायला लागला. आत्या ऐकेनात. "नाक खोटं बोलत नाही. चला, वरात वापस फिरवा!"

"आत्या, मी उतरू का वरच बसू?" पंकजनं घोड्यावरून विचारलं.

मास्तरांनी हातातला हार खुर्चीवर ठेवला आणि हात जोडले. तेवढ्यात माझी नजर वर गेली. माडीवरच्या खिडकीत नवरी उभी होती, मुंडावळ्या बांधलेली. ती आपल्या बापाचे जोडलेले हात बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहीत नाही. एका पोरीचं लग्न मोडत होतं आणि त्याला कारण होतं माझं एक वेळा धुतलेलं कातडं आणि एक शब्द, आफ्रिका.

गप्प बसणं फार सोपं होतं. वास आचाऱ्यावर गेला असता, माझं नावही निघालं नसतं. मी हे मुद्दाम लिहिते, कारण क्षणभर मी तो विचार केला होता. मग मी पुढं झाले.

"आत्या, मास्तरचा काही दोष नाही. वास नवरदेवाच्या कमरेचा येऊन राहिला."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"म्यानाचा," मी म्हणाले. "थे आफ्रिकेचं नाही. मरळ हाय. भंडाऱ्याकडची. मी तुमच्याशी खोटं बोलली."

बँड थांबला. मांजरं तेवढी बोलत होती.

"मासा?" आत्या म्हणाल्या.

"हो."

"म्हंजे मी कालपासून, गळ्यात माळ घालून, मासा उराशी धरून फिरून राहिली?"

"हो, आत्या."

मला वाटलं आता ही बाई मला मारणार, आणि मारलं तर ठीकच आहे. पण त्यांचा आवाज उलट खाली आला. "माळेचं मी पाहीन माह्या देवाजवळ. पन काहून वं? घोरपडीच्या जाग्यावर मरळ? घोरपड चिपकते म्हनून ठेवली होती आमच्या जुन्यानं. मरळ तं बुळबुळीत. हातात थांबत नाही. लग्नात लावाची गोष्ट हाय काय थे?"

टाका, खिडकी, घडण, सगळ्याचा विचार मी केला होता. त्या कातड्याला त्यांच्या घरात काय अर्थ आहे, याचा केला नव्हता.

तेव्हा आमचे हे बोलले. हे चारचौघांत बोलत नाहीत, दुकानातही खिळ्यांचा आडोसा घेतात.

"आत्याबाई, मरळ धराले बुळबुळीत हाय, खरं हाय. पन तळं आटलं तं दुसरे मासे मरतात, मरळ चिखलात राहते. पाऊस येईपर्यंत जीव धरून राहते. अन् पिल्लं झाले की नर-मादी दोघंबी खालून त्यायची राखण करत फिरतात. पिल्लाजवळ हात नेला तं माणसाले बी चावते. मी लहानपणी चावून घेतलं हाय." त्यांनी सदऱ्याची बाही वर केली, पण तिथं दाखवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून खाली केली.

आत्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. मग वर, माडीवरच्या खिडकीकडे पाहिलं. मग त्या खुर्चीपाशी गेल्या, हार उचलला आणि मास्तरांच्या हातात परत दिला.

"मास्तर, चुकलं माहं," त्या म्हणाल्या. सगळ्या वरातीसमोर, सरळ, पदर सावरून. "बँडवाल्या, झोपला काय रे? अन् लिंबू आना. एक नाही, टोपलीभर आना!"

त्यांनी कट्यार उपसली, एक लिंबू टोकाला खोचलं आणि पंकजच्या हाती दिली. म्यान लग्नाआधी सोडायचं नाही ही रीत, ती कशी मोडायची? म्हणून उरलेली लिंबं आचाऱ्यानं कापली आणि करवल्यांनी ती म्यानावर चोळ चोळ चोळली. त्यामुळे झालं एवढंच, की नवरदेवाला आता लिंबू लावून मुरत ठेवलेल्या मासळीचा वास येऊ लागला. बोका भटजींच्या मांडीपर्यंत पोचला. मंगलाष्टकांत भटजी दर "सावधान"ला बोक्याकडे बघत होते. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरीनं नाकाला पदर लावला होता, आणि ती इतकी हसत होती की हार पंकजच्या गळ्यात पडायच्या ऐवजी त्याच्या एका कानाला अडकला.

"आता फक्त तिखट पाहिजे," हे पुटपुटले. मी कोपर मारलं, पण पुढच्याच खुर्चीवर गोदाआत्या होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं.

जेवताना नाही, निघताना नाही, आत्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतरचे तीन महिने वाईट गेले. हातून काम होत होतं, पण खिडकी कापायला घेतली की रापी अडायची. गिऱ्हाइकांना मी आता न विचारता सांगू लागले, "हे मरळ, हे रोहू, हे कोंबडीच्या पायाचं." दोन-तीन जण तोंड वाकडं करून निघून गेले. जाऊ दिलं.

पोळा झाल्यावर एका दुपारी दारात सावली पडली. गोदाआत्या. हातात स्टीलचा मोठा डबा.

"सरक वं," त्या म्हणाल्या आणि माझ्या बाजूला बसल्या. डबा उघडला. लालभडक भिवापुरी तिखट, काठोकाठ. त्यात हात घालून त्यांनी म्यान बाहेर ओढलं. मी शिंकले. आत्या शिंकल्या. चपलेचं गिऱ्हाईक शिंकलं. ह्यांच्या तोंडातले खिळे पुन्हा गल्लीत.

"तुह्या नवऱ्यानंच सांगितलं होतं, तिखट पाहिजे म्हनून. तीन महिने ठेवलं. पाह्य."

आमच्या गल्लीत भांडीवाल्याची एक मांजर आहे, ती ह्यांच्या डब्यावर टपलेली असते. ती आली. म्यानाच्या खिडकीशी नाक नेलं, फटकन शिंकली आणि शेपटी ताठ करून निघून गेली.

"पास!" आत्या म्हणाल्या.

मी म्यान हातात घेतलं. खवल्यांच्या जाळीत तिखटाचा लाल रंग उतरला होता. असा रंग मला जन्मात देता आला नसता. टाके सगळे जागेवर होते.

"पंकज कसा हाय? सूनबाई?" मी भीत भीत विचारलं.

"दोघंबी चिखलात हायेत," आत्या म्हणाल्या. "मिरचीचं रोप लावून राहिले. भांडतात, अन् पुन्हा एकाच तासात, एकाच ओळीत उभे राहतात." मग त्यांनी माझ्या पेटीतली आरी उचलून माझ्यापुढं धरली. "याच्या तोंडाशी, आतल्या बाजूनं, लिहून दे. मरळ."

"आतल्या बाजूनं? बाहेरून दिसणार नाही, आत्या."

"नाहीच दिसलं पाहिजे. गावात मी आफ्रिकाच सांगून राहिली."

ह्यांनी शिंकेनंतर नवे खिळे तोंडात धरलेच नव्हते, त्यामुळे मोकळेपणानं हसले.

"मंग लिहाले काहून लावता?" मी विचारलं.

आत्यांनी म्यानावरून बोट फिरवलं. बोट खिडकीपाशी थांबलं, सगळ्यांचं थांबतं तसं.

"हे बी एक दिवस कसर खाईन. तवा पंकजच्या नातवाची आत्या हे घेऊन तुह्यासारखीच्या दुकानात येईन. थे विचारन, कशाचं हाय? मी नसन सांगाले, अन् तूबी नसशीन. तिच्याशी कोनी खोटं नाही बोललं पाहिजे."

मी आरी हातात घेतली. चामडं ओलं केलं, या वेळी नीट विचार करून, आणि टिंबाटिंबांनी अक्षरं पाडायला लागले. पहिलं नीट बसलं. दुसऱ्याला आम्ही दोघी एकदमच शिंकलो, आत्यांचं कोपर माझ्या हाताला लागलं, त्यामुळे र जरासा तिरका आहे. मी पुसायला ओला फडका उचलला, तर आत्यांनी माझा हात धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तिले कळन, दोघीजणी होत्या म्हनून."